युरोपात सलग सात पराभव: भारतीय हॉकी संघाचा हंगाम नेमका कुठे गळाला?

जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात भारताचा पुरुष हॉकी संघ नेदरलँड्समध्ये उतरला, तेव्हा काळजी करावी असं वरकरणी काही नव्हतं. दहा महिन्यांपूर्वी पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळालं होतं. सप्टेंबरात चीनमध्ये जाऊन आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकून झाला होता. फेब्रुवारीत भुवनेश्वरला प्रो लीग या नऊ देशांच्या साखळी स्पर्धेचे आठ सामने झाले, त्यातले पाच जिंकले आणि १५ गुणांसह संघ गुणतक्त्यात तिसरा होता. अजून आठ सामने बाकी होते. प्रो लीग जिंकणाऱ्याला २०२६ च्या विश्वचषकाचं थेट तिकीट मिळणार होतं आणि ते आपल्यालाच मिळावं, असं उघडपणे बोललं जात होतं.

२२ जूनला अँटवर्पमध्ये शेवटचा सामना संपला तेव्हा संघाचे गुण होते १८. नऊ संघांत क्रमांक आठवा. खाली फक्त आयर्लंड, ज्याची लीगमधून पदावनती झाली. आठ सामन्यांत एकच विजय, तोही शेवटच्या दिवशी. त्याआधी सलग सात पराभव.

पराभवाची कारणं शोधायला आपल्याकडे वेळ लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यापासूनच सुरुवात झाली. कोणी म्हणालं नशीब फुटकं, एकेका गोलाने हरतोय. कोणी कर्णधार हरमनप्रीतच्या बोटाच्या दुखापतीकडे बोट दाखवलं. पेनल्टी कॉर्नर वाया जातात ही तक्रार तर पिढीजात आहे. शिवाय खेळाडू थकलेत, म्हातारे झालेत, पंच वाईट आहेत, हेही होतंच. यातल्या काही गोष्टी थोड्याफार खऱ्या आहेत. पण निकाल एका कागदावर मांडून बघितले की या बहुतेक कारणांची हवा निघून जाते.

निकाल असे आहेत. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी पाठोपाठ दोन सामने आणि भारताचे गोल आधी.

भुवनेश्वर, १५ ते २५ फेब्रुवारी: स्पेन १-३ आणि २-०. जर्मनी १-४ आणि १-०. आयर्लंड ३-१ आणि ४-०. इंग्लंड २-३ आणि २-१.

अ‍ॅमस्टेलवीन आणि अँटवर्प, ७ ते २२ जून: नेदरलँड्स १-२ आणि २-३. अर्जेंटिना ३-४ आणि १-२. ऑस्ट्रेलिया २-३ आणि २-३. बेल्जियम ३-६ आणि ४-३.

गोल कमी पडले का?

बेरीज करा. भुवनेश्वरच्या आठ सामन्यांत आपण १६ गोल केले. युरोपातल्या आठ सामन्यांत १८. म्हणजे ज्या दौऱ्यात संघ कोसळला म्हणतात, त्यात आपली आघाडीफळी मायदेशापेक्षा जास्त गोल करत होती. त्यातही भुवनेश्वरच्या १६ मधले ७ गोल एकट्या आयर्लंडवर झाले होते. ते बाजूला ठेवले तर स्पेन, जर्मनी आणि इंग्लंड यांच्याविरुद्ध सहा सामन्यांत ९ गोल उरतात, म्हणजे सरासरी दीड. युरोपात ऑलिंपिक विजेता नेदरलँड्स, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिना अशा तगड्या संघांसमोर सरासरी सव्वादोन. अभिषेक, सुखजीत, दिलप्रीत यांच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघायला हवा.

आता दुसरा रकाना. भुवनेश्वरला आपल्यावर १२ गोल झाले होते, युरोपात २६. दुपटीहून जास्त.

प्रतिस्पर्धी वेगळे होते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आयर्लंड इथेही वगळून बघू. भुवनेश्वरला उरलेल्या सहा सामन्यांत ११ गोल झाले, म्हणजे सामन्याला दोनपेक्षा कमी. युरोपात सव्वातीन. प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीतला फरक त्यातला काही भाग समजावून सांगतो, पण सगळा नाही. स्पेन आणि जर्मनी काही कच्चे संघ नाहीत. जर्मनी २०२३ चा जगज्जेता आहे आणि पॅरिसमध्ये उपांत्य फेरीत आपल्याला हरवून अंतिम फेरीत गेलेला संघ आहे.

तर रोग पुढच्या फळीत नव्हता. पाणी मागे मुरत होतं. पण मागे म्हणजे नेमकं कुठे, यासाठी अजून एक बेरीज करावी लागते आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे.

दुसरा सामना

प्रो लीगची रचना अशी की एकाच संघाशी एक-दोन दिवसांत दोनदा खेळायचं. पहिला सामना संपला की रात्री व्हिडिओ घेऊन बसायचं. समोरचा संघ कुठून चेंडू बाहेर काढतो, पेनल्टी कॉर्नरला कुठे मारतो, आपला कोणता बचावपटू जागा सोडतो हे पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्या भोकांना बूच मारायचं. प्रशिक्षक आणि बचावफळी किती सजग आहे, याची ही सगळ्यात चोख परीक्षा.

भुवनेश्वरला आपण ही परीक्षा जवळपास पैकीच्या पैकी गुणांनी पास झालो होतो. स्पेनकडून पहिल्या सामन्यात तीन गोल खाल्ले, दुसऱ्यात शून्य. जर्मनीकडून चार, मग शून्य. आयर्लंडकडून एक, मग शून्य. इंग्लंडकडून तीन, मग एक. चारही पहिल्या सामन्यांत मिळून ११ गोल आणि चारही दुसऱ्या सामन्यांत मिळून फक्त १! तीन वेळा आदल्या दिवशी ज्याच्याकडून हरलो त्याच संघाला दुसऱ्या दिवशी हरवलं, तेही फार गोल करून नव्हे. जर्मनीला १-० ने, म्हणजे दार लावून घेऊन.

युरोपात चार पहिल्या सामन्यांत १५ गोल झाले आणि चार दुसऱ्या सामन्यांत ११. दुसऱ्या सामन्यात एकदाही आपल्यावर दोनपेक्षा कमी गोल झाले नाहीत. बेल्जियमला शेवटच्या दिवशी हरवलं, पण तिथेही तीन गोल खाऊन चौथ्याच्या जोरावर. हरमनप्रीतचा गोल निर्णायक ठरला म्हणून विजय पदरी पडला. एरवी तोही सामना बाकीच्यांसारखाच होता.

याचा अर्थ फेब्रुवारीत जी दुरुस्ती एका रात्रीत होत होती, ती जूनमध्ये होत नव्हती. थकवा हे त्याचं सोपं उत्तर आहे. पहिले सहा सामने नऊ दिवसांत होते, हे खरंच. अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्धचे तर लागोपाठच्या दिवशी. पण भुवनेश्वरलाही अकरा दिवसांत आठ सामने होते आणि प्रत्येक जोडी लागोपाठच्या दिवशीच होती. त्याहून मोठी अडचण म्हणजे १५ जूनला ऑस्ट्रेलियाशी दुसरा सामना झाल्यावर संघाला पाच मोकळे दिवस मिळाले. मालिश, झोप, सराव, बैठका, सगळं झालं असणार. आणि २१ जूनला ताज्या पायांनी उतरलेल्या या संघावर बेल्जियमने सहा गोल केले. दौऱ्यातला सगळ्यात वाईट बचाव सगळ्यात मोठ्या विश्रांतीनंतरचा आहे. थकव्याचा सिद्धांत इथे लंगडा पडतो.

आघाडी घेऊन हरणं

सात पराभवांपैकी सहा एकेका गोलाचे. ‘थोडक्यात हुकलं’ असं म्हणायला हे फार सोयीचं आहे. पण सामने कसे गेले ते बघा.

७ जूनला नेदरलँड्सविरुद्ध हरमनप्रीतने आघाडी मिळवून दिली. थिस फान डामने बरोबरी साधली आणि ५८ व्या मिनिटाला त्यानेच विजयी गोल केला. सामना ६० मिनिटांचा असतो. ९ जूनला शेवटच्या सत्रात आपण २-२ अशी बरोबरी साधली आणि शेवटच्या पाच मिनिटांत तिसरा गोल खाल्ला. १२ जूनला अर्जेंटिनाविरुद्ध चौथ्याच मिनिटाला जुगराजचा गोल झाला. मग टोमास डोमेनेने दोन गोल केले आणि सामना गेला. १४ जूनचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना तर जिव्हारी लागणारा. अभिषेकचे दोन गोल, २-० अशी आघाडी, चार मिनिटं उरली असताना २-२ आणि अगदी शेवटच्या मिनिटाला टॉम क्रेगचा गोल. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला संजयने गोल करून सुरुवात केली, पण शेवट पुन्हा २-३.

एकदा असं झालं तर नशीब. दोनदा झालं तर फार तर योगायोग. नऊ दिवसांत पाचदा झालं तर त्याला सवय म्हणावं लागतं.

इथे गुणांचा हिशेबही निर्दय आहे. प्रो लीगमध्ये विजयाला तीन गुण. बरोबरी झाली तर दोघांना एकेक आणि शूटआउट जिंकणाऱ्याला आणखी एक. भारताने संपूर्ण हंगामात १६ सामने खेळले, ६ जिंकले, १० हरले. बरोबरी एकही नाही. हरण्याच्या बेतात असलेला सामना निदान बरोबरीत सोडवायचा, जिंकता येत नसेल तर एक गुण खिशात घालून निघायचं, हे या संघाला एकदाही जमलं नाही. त्या सहा सामन्यांतला शेवटचा एकेक गोल अडवला असता तर सहा गुण नक्की होते आणि शूटआउट कसे गेले असते त्यावर आणखी काही. आठव्या क्रमांकाची नामुष्की तरी कदाचित टळली असती.

गंमत म्हणजे क्रेग फुल्टन यांना २०२३ मध्ये प्रशिक्षक म्हणून आणलं ते नेमकं यासाठीच. जिंकायचं तर आधी बचाव भक्कम करा, ही त्यांची जाहीर भूमिका. प्रतिस्पर्ध्याला त्याच्या अर्ध्यात जाऊन भिडण्यापेक्षा मध्यरेषेच्या आसपास जाळं लावायचं, मधली वाट बंद करून त्याला कडेला ढकलायचं, चेंडू हिसकावला की झपाट्याने प्रतिहल्ला. जुन्या पिढीतल्या प्रेक्षकांना हे रुचत नाही. धनराज पिल्लेच्या खेळावर पोसलेल्या आमच्यासारख्यांना तर हे हॉकी कोरडंच वाटतं. पण त्याने पदकं मिळाली. पॅरिसमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सगळा वेळ दहा जणांनी सामना १-१ असा धरून ठेवला, मग शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकला. चाळीसहून जास्त मिनिटं, एक माणूस कमी असताना. तीच पद्धत, तोच प्रशिक्षक, बरेचसे तेच खेळाडू. मग दहा महिन्यांनी अकरा जणांना चार मिनिटं का धरून ठेवता येईनात?

गोलपोस्टमधली जागा

पॅरिसचा तो सामना ज्याने पाहिला, त्याला उत्तराचा अर्धा भाग माहीत आहे. पी. आर. श्रीजेश.

श्रीजेश कांस्यपदकाचा सामना खेळून निवृत्त झाला. तीनशेहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने. हॉकी इंडियाने वरिष्ठ संघातली त्याची १६ क्रमांकाची जर्सीही निवृत्त केली. त्याच्या जागी कृष्ण पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा. एड्रियन डिसूझानंतर मुंबईचा गोलरक्षक भारताच्या पोस्टमध्ये दिसतो, याचा आपल्याला आनंद व्हावा हे साहजिकच. दोघेही चांगले आहेत. पाठक तर कितीतरी वर्षं श्रीजेशच्या सावलीत थांबलेला, अनुभव असलेला गोलरक्षक. त्यामुळे ‘श्रीजेश गेला, गोलरक्षण कमकुवत झालं’ इतकं सरळ मी म्हणणार नाही.

पण गोलरक्षक फक्त चेंडू अडवत नाही. मैदानावर ज्याला पूर्ण चित्र समोरून दिसतं असा तो एकटाच. बचावपटूंची पाठ गोलाकडे असते, डोळे चेंडूवर असतात. मागून कोण घुसतोय, डाव्या कडेचा माणूस मोकळा राहिलाय, आता डी-मध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, स्टिक घालू नको नाहीतर पेनल्टी कॉर्नर जाईल, हे ओरडून सांगणारा आवाज मागून यावा लागतो. श्रीजेशचा आवाज दूरदर्शनवरही ऐकू यायचा. शेवटच्या पाच मिनिटांत तो अक्षरशः बडबड करत असे. वीस वर्षांत कमावलेला तो अधिकार नव्या गोलरक्षकाला वारशात मिळत नाही. त्यात दोघांना आलटून-पालटून संधी देण्याचं धोरण. तयारीच्या दृष्टीने ते योग्य असेलही, पण बचावफळीला एकाच आवाजाची सवय व्हायला त्यात वेळ लागतो. मनप्रीत किंवा हरमनप्रीतसारख्या ज्येष्ठाला, कर्णधाराला, खडसावून जागेवर उभं करायचं तर आपली जागा पक्की आहे ही खात्री गोलरक्षकाला हवी.

देशांतर्गत रचनेबद्दलही इथे एक गोष्ट बोलली पाहिजे, जी हॉकी इंडिया लीगच्या झगमगाटात कोणी बोलत नाही. डिसेंबर २०२४ ते १ फेब्रुवारी २०२५ या काळात लीग सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा झाली. चांगली झाली. पण अनेक संघांनी गोलपोस्टमध्ये परदेशी माणूस उभा केला. व्हिन्सेंट व्हनाश, डेव्हिड हार्ट, जाँ-पॉल डानेबर्ग. फ्रँचायझीला जिंकायचं असतं, ती सर्वोत्तम गोलरक्षक घेणारच. काही संघांचे ड्रॅग फ्लिकरही, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलात मारणारेही, बाहेरचेच. म्हणजे ज्या दोन जागांवर राष्ट्रीय संघाची पुढची फळी तयार व्हायला हवी, त्याच दोन जागा लीगने मोठ्या प्रमाणात पाहुण्यांना दिल्या. दडपणाखाली शेवटची पाच मिनिटं खेळण्याचा सराव भारतीय गोलरक्षकाला मिळणार कुठून? ज्युनियर संघात श्रीजेशने निवृत्तीनंतर प्रशिक्षक म्हणून हे काम सुरू केलं, पण त्याची फळं यायला काही वर्षं जातील.

अर्ध्या सेकंदाचं काम

पेनल्टी कॉर्नरबद्दल आपल्याकडे नेहमी एकाच बाजूने बोललं जातं: आपले किती मिळाले, त्यातले किती सत्कारणी लागले. आपल्यावर किती आले आणि ते कसे अडवले, याची चर्चा क्वचितच होते.

पाच जण गोलरेषेमागे उभे असतात, गोलरक्षक धरून. तोंडावर मुखवटे, गुडघ्यांना पॅड, हातात जाड मोजे. बाकी सहा जण मध्यरेषेपलीकडे. गोलच्या बाजूला मागच्या रेषेवरून चेंडू ढकलला जातो, डी-च्या बाहेर थांबवला जातो आणि फ्लिकर तो स्टिकवर ओढत साधारण पंधरा मीटरवरून सोडतो. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेलेला चेंडू गोलपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात गोलरक्षकाला नुसतं बघून उडी मारता येत नाही. त्याला कोपरा आधीच ठरवावा लागतो. आणि तो ठरवणं शक्य होतं पहिल्या धावणाऱ्यामुळे. चेंडू ढकलला जाताच एक माणूस थेट फ्लिकरच्या अंगावर धावत सुटतो, स्वतःच्या शरीराने एक बाजू झाकतो. त्याने गोलरक्षकाच्या उजवीकडची बाजू झाकली की गोलरक्षक डावीकडचा विचार करतो. दोघांत अर्ध्या पावलाचाही गैरसमज झाला तर चेंडू दोघांच्या मधून जातो.

भारताकडे हे काम वर्षानुवर्षं अमित रोहिदास करतोय आणि जगात या कामात त्याच्याइतका निर्भय माणूस शोधून सापडणं कठीण. पण त्याची आणि श्रीजेशची जोडी होती. कोण कुठली बाजू घेणार हे त्यांना एकमेकांशी बोलावंही लागत नसे. दोन गोलरक्षक आणि फिरते धावणारे असले की हीच गोष्ट प्रत्येक वेळी नव्याने ठरवावी लागते. समोर डोमेनेसारखा किंवा नेदरलँड्सच्या यिप यान्सनसारखा फ्लिकर असेल तर नव्याने ठरवण्यात गेलेला क्षण परत मिळत नाही.

हरमनप्रीतचाही हिशेब इथेच लावायला हवा. बोटाच्या दुखापतीमुळे तो दौऱ्यातल्या काही सामन्यांना मुकला, तेव्हा सगळे हळहळले ते ड्रॅग फ्लिकसाठी. पॅरिसमध्ये दहा गोल करून तो स्पर्धेत अव्वल होता, त्यामुळे हळहळ स्वाभाविक आहे. पण तो मुळात बचावपटू आहे. स्वतःच्या डी-बाहेरून पन्नास-साठ मीटरचा उंच पास टाकून दडपण एका फटक्यात पलीकडे नेणारा. आघाडी टिकवायची असते तेव्हा गोल करण्यापेक्षा हे काम जास्त मोलाचं. समोरचा संघ शेवटच्या पाच मिनिटांत गोलरक्षकसुद्धा काढून अंगावर येतो, तेव्हा तुमच्याकडे चेंडू लांब टाकणारा माणूस नसेल तर चेंडू पुन्हा पुन्हा तुमच्याच डी-मध्ये येत राहतो. जुगराज किंवा संजय फ्लिक मारू शकतात. ते उंच पास तितक्या सहजतेने टाकत नाहीत.

वयाचा मुद्दा मात्र मला अर्धवट पटतो. मनप्रीतने याच दौऱ्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध चारशेवा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. दिलीप तिर्की सोडला तर इथवर पोचलेला दुसरा भारतीय नाही. ललित उपाध्यायने शेवटचा सामना संपताच निवृत्ती जाहीर केली. एक पिढी संपत आलीय यात वाद नाही. पण शेवटच्या क्षणी गोल खाण्याचं खापर ज्येष्ठांच्या दमावर फोडायचं, तर पॅरिसमध्ये दहा जणांनी चाळीस मिनिटं किल्ला लढवला तेव्हा ते फक्त दहा महिन्यांनी लहान होते.

फुल्टन यांची बाजू

प्रशिक्षकाकडे एक भक्कम बचाव आहे आणि तो दिलाच पाहिजे. २०२३-२४ च्या प्रो लीगमध्येही भारत सातवा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन आपण पाचही सामने हरलो होतो. तेव्हाही अशीच टीका झाली. आणि ऑगस्टमध्ये त्याच संघाने ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं, १९७२ नंतर ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच, आणि पदक आणलं. फुल्टन प्रो लीगकडे प्रयोगशाळा म्हणून बघतात. २४ जणांचा ताफा, अदलाबदल, वेगवेगळ्या जोड्या. मोठ्या स्पर्धेत खरा संघ दिसेल हा त्यांचा भरवसा आणि एकदा तो खरा ठरलाय.

पण २०२४ आणि २०२५ मध्ये एक फरक आहे. २०२४ मध्ये ऑलिंपिकची पात्रता आधीच खिशात होती, प्रयोगाला किंमत मोजावी लागत नव्हती. २०२५ मध्ये विश्वचषकाचं तिकीट याच लीगवर होतं आणि संघ तिसऱ्या क्रमांकावरून निघाला होता. त्या स्थितीत तुम्हाला प्रयोगही करायचे होते आणि तिकीटही हवं होतं. दोन गोलरक्षकांना समान संधी द्यायची होती आणि शेवटची पाच मिनिटं बंदही ठेवायची होती. यातलं एक निवडायला हवं होतं. माझं मत असं की पहिल्या चार सामन्यांनंतर, म्हणजे १२ जूनला, एक गोलरक्षक आणि पेनल्टी कॉर्नरच्या बचावाची एक ठरलेली चौकडी पक्की करून उरलेला दौरा खेळायला हवा होता. तिकीट मिळालंच असतं असं नाही. १४ जूनचा तो शेवटचा गोल मात्र कदाचित टळला असता.

आणखी एक गोष्ट अशी की प्रो लीगच्या दोन टप्प्यांत, २५ फेब्रुवारी ते ७ जून, तीन महिन्यांहून मोठी फट होती. बेंगळुरूच्या शिबिरात तंदुरुस्ती वाढते, पण ५७ व्या मिनिटाला २-२ असताना काय करायचं याचा सराव शिबिरात होत नाही. आपल्याच संघातल्या मुलांना कोणी खुन्नस देऊन अंगावर घेत नाही.

विश्वचषकाचं तिकीट शेवटी मिळालं, राजगीरच्या आशिया चषकात. ७ सप्टेंबरला दक्षिण कोरियाला ४-१ ने हरवलं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जूनच्या जखमा विसरल्या गेल्या. पण त्या स्पर्धेचाही दुसरा रकाना बघा. गटात चीनविरुद्ध ४-३, जपानविरुद्ध ३-२. पुढच्या फेरीत कोरियाशी २-२. घरच्या मैदानावर, आशियाई संघांकडून. पुढे चीनलाच ७-० ने धुतलं आणि अंतिम सामना आरामात जिंकला, म्हणजे दार लावता येतं हे दिसलं. ते कोणत्या दिवशी लागेल आणि कोणत्या दिवशी उघडं राहील, हे मात्र अजून ठरलेलं नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये होणाऱ्या विश्वचषकात समोर फक्त चीन किंवा जपानसारखे संघ नसतील. जून २०२५ मध्ये ज्या देशांत हे सगळं घडलं तेच देश यजमान असतील, आणि ज्यांनी शेवटच्या पाच मिनिटांत गोल केले त्यांच्यातलेच बरेच जण.